पाठमोऱ्या बाई

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी धाकटी सशाचा आवाज काढत होती. मुलांच्या कार्टूनमधला हा ससा महाभित्रा, त्यामुळे डबिंगच्या बंद खोलीत माईकसमोर उभं राहून तिला दिवसाला साठ-सत्तर वेळा दचकावं लागे. काम गमतीचं होतं आणि तिला ते मनापासून आवडायचं. त्या दिवशी ती घसा शेकायला बाहेर आली, तर बाकावर एक तरुण मुलगी बसलेली. आपण टीव्हीच्या मालिका दिग्दर्शित करतो एवढं सांगून तिने सरळ विचारलं, "त्या पाठमोऱ्या बाई तुम्हीच ना?"

धाकटी तिच्या शेजारी बाकावर टेकली.

बेचाळीस वर्षांपूर्वी एक रहस्यपट आला होता. रंगमंचावर जोडीने नाचणाऱ्या जुळ्या बहिणी. एकीचं नाव गाजत जातं, दुसरीचं बुडत जातं, आणि शेवटी मत्सरापायी दुसरी पहिलीला सूपमधून विष घालते. दोन्ही भूमिका एकटीने केल्या होत्या ताईने, म्हणजे धाकटीच्या सख्ख्या थोरल्या बहिणीने. सिनेमा तुफान चालला, ताईला मोठं बक्षीस मिळालं आणि तिचे पाय जमिनीला लागेनासे झाले. मात्र पडद्यावर जुळ्या समोरासमोर आल्या की एकीचा चेहरा दिसे आणि दुसरीची पाठ. ती पाठ धाकटीची. नामावळीत तिचं नावसुद्धा नव्हतं.

आता त्याच सिनेमावरून सहा भागांची थरारमालिका निघणार होती आणि या वेळी बहिणी म्हाताऱ्या असणार होत्या. एक ताई. दुसरीसाठी दिग्दर्शिका या बाकावर येऊन बसली होती. जेवणाच्या टेबलाचं ते दृश्य आपण तीसेक वेळा पाहिलंय, ती म्हणाली. सगळे चेहरा बघतात, मी पाठ बघत बसले, कारण विष कोणी घातलंय ते त्या खांद्यांवरून आधी कळतं.

"ताई हो म्हणाली?" धाकटीने विचारलं.

"त्यांना दुसरी कोण ते अजून सांगितलं नाही," मुलगी म्हणाली आणि स्वतःच्या बुटांकडे बघू लागली.

न सांगण्याला कारण होतं. बहिणींचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं. एका मुलाखतीत कोणीतरी ताईला विचारलं होतं की समोर स्वतःच असताना अभिनय कसा केला, आणि ताई हसून म्हणाली होती, "समोर कोणीतरी एक मुलगी उभी करायचे." धाकटी घरी विणकाम करत टीव्ही बघत होती. तिने हातातले टाके तसेच ठेवले आणि पुढे ताईला फोन केला नाही. ताईनेही केला नाही. आधी वाढदिवस चुकले, मग आजारपणं चुकली, आणि मग कशावरून सुरुवात करायची हेच दोघींना कळेना.

धाकटीने लेकीला विचारलं. लेक म्हणाली, जा, आणि एकदाचा चेहरा दाखवून ये.

संहितेच्या वाचनाला ताई आली ती सत्तरीतही ताठ, गळ्यात रेशमी स्कार्फ, पायात टाचेचे बूट. धाकटीला पाहून तिचा एक पाय क्षणभर अडखळला, पण तिने ते बुटावर ढकललं. मग खुर्ची ओढून तिने जाहीर केलं की सोशिक बहीण आपण करणार नाही. आयुष्यभर पडद्यावर सोसून झालं. या खेपेला आपण विष घालणार. धाकटीलाही विषच घालायचं होतं. तिने तसं सांगितल्यावर खोलीत दोन म्हाताऱ्या आणि एकच खून अशी पंचाईत होऊन बसली.

दिग्दर्शिकेने दोघींना दोन्ही भूमिका वाचायला सांगितल्या. ताईला चष्म्याशिवाय अक्षर लागत नव्हतं आणि चारचौघांत चष्मा लावणं तिला मान्य नव्हतं. ती कागद लांब धरी, जवळ आणी, पुन्हा लांब धरी. शेवटी धाकटीला राहवेना. तिने ताईची वाक्यं स्वतःच वाचायला घेतली, तीही ताईच्याच आवाजात. तो शेवटाला किंचित थरथरणारा सूर, शब्दाआधीचा तो छोटासा उसासा, सगळं जसंच्या तसं.

"मी असं मुळीच बोलत नाही," ताई म्हणाली. शेवटाला किंचित थरथरत.

हसण्याची एवढी लाट उसळली की कॅमेरामनचा चहा सांडला. खून धाकटीला मिळाला. ताई तीन दिवस फुगून बसली आणि चौथ्या दिवशी कोणी न बोलावता तालमीला हजर झाली.

शूटिंग सुरू झालं तशी खरी चुरस पेटली. मेकअपवाल्या काकांना दोघींच्या चेहऱ्यावर असलेल्या सुरकुत्या जरा गडद करायच्या होत्या. ताई सकाळी लवकर येऊन काकांच्या कानात सांगे, माझ्या दोन कमी करा आणि तिच्या दोन वाढवा. मग धाकटी येऊन हळूच तेच सांगे. काका दोघींना "बरं" म्हणत आणि स्वतःला हवं तेच करत. दुसरी भानगड उशीची. आपण टेबलाशी बुटक्या दिसतो म्हणून ताईने खुर्चीवर एक उशी घेतली. धाकटीने ते पाहिलं आणि दोन घेतल्या. तिसऱ्या दिवशी दोघी तीन-तीन उशांवर विराजमान झाल्या, तेव्हा कॅमेरामनने हात जोडून सांगितलं की मला तुमचे गळे दिसतायत, डोकी कुठे आहेत? उशा गेल्या. धाकटीला घरी जाताना टॅक्सीत एकटीलाच हसू येत होतं. इतकी मजा तिला कित्येक वर्षांत आली नव्हती, पण ताईशी संवादाबाहेरचा एक शब्दही ती बोलली नव्हती.

मग जेवणाच्या टेबलाचं दृश्य आलं. सूपचा घोट घेताघेता ताईला कळतं की समोर बसलेल्या बहिणीनेच विष घातलंय, आणि तिचे डोळे भरून येतात. याच क्षणासाठी तिला बक्षीस मिळालं होतं. कॅमेरा ताईच्या चेहऱ्यावर होता. धाकटीची नुसती पाठ दिसणार होती, म्हणून सहायकाने भल्या मनाने सुचवलं की बाईंनी आराम करावा, विग घालून दुसरं कोणी बसेल.

"हो, बसवा की कोणीतरी," धाकटी उठत म्हणाली.

ताईने चमचा खाली ठेवला. तिने दिग्दर्शिकेकडे पाच मिनिटं मागितली आणि धाकटीला हाताला धरून सेटच्या कोपऱ्यात, लाकडी जिन्याच्या मागे नेलं. तिथे ती बराच वेळ स्कार्फशी चाळा करत राहिली.

"तू समोर नसलीस तर मला हे जमणार नाही," ती शेवटी म्हणाली. "तेव्हाही जमत नव्हतं. दिवसभर टेक चालले होते, माझ्या डोळ्यांत टिपूस येईना. मग मी तुझ्याकडे पाहिलं, तर कॅमेऱ्याकडे पाठ करून तू रडत होतीस. कोणी बघत नसताना, नुसती माझ्यासाठी. मी तुझा चेहरा उचलला आणि आपल्या तोंडावर ठेवला. त्याचं बक्षीस मी घेतलं. हे मुलाखतीत कसं सांगणार होते मी? माझं म्हणून काय उरलं असतं?"

धाकटीने तोंडावर हात ठेवला. तिचे खांदे हलू लागले. ताईला वाटलं तिला हुंदका फुटला.

"ताई," ती कशीबशी म्हणाली, "माझ्या विगची पिन रुतली होती गं."

"काय?"

"तुझ्या मापाचा विग. माझ्या डोक्याला घट्ट. त्यात ती पिन कानामागे रुतलेली, आणि हललीस तर घरी पाठवीन असा दम दिला होता दिग्दर्शकाने. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं माझ्या."

बेचाळीस वर्षं उराशी धरलेलं ओझं अशा रीतीने उतरेल असं ताईला स्वप्नातही वाटलं नसेल. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि हसायला लागली, आधी आवाज न करता, मग मोठ्याने, मग डोळे पुसत. धाकटी तिच्या शेजारी बसली. एक शांत होई तोवर दुसरी "पिन" म्हणे आणि पुन्हा सुरू होई.

पाच मिनिटांची पंचेचाळीस झाली. टेबलाशी येऊन बसल्यावरही काही उपाय चालेना. ताई चमचा उचले, समोर बघे आणि फुटे. नऊ टेक वाया गेले. दिग्दर्शिकेने डोक्याला हात लावला, मग हात काढला आणि शांतपणे म्हणाली की रडू नका, हसायचं तर हसा, फक्त सूप संपवा.

दहाव्या टेकला ताईने घोट घेतला. तिला कळलं. तिने समोरच्या बहिणीकडे पाहिलं आणि अशी काही प्रेमाने हसली, की दिवे धरलेल्या माणसाच्या अंगावर काटा आला. मग तिने वाटी जवळ ओढली आणि तळापर्यंत चाटूनपुसून संपवली. धाकटी कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली होती. तिच्या खांद्यांवरून आधीच सगळं कळत होतं.

त्या दुपारी ताईने आपली खुर्ची उचलून धाकटीच्या मेकअपच्या खोलीत आणली. अकरा वर्षांचं बोलणं साचलेलं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन, मोतीबिंदू, धाकटीच्या नवऱ्याचं जाणं, लेकीचं लग्न, ताईच्या घरातली गळकी बाथरूम. नवऱ्याच्या गोष्टीपाशी ताईने तिचा हात घट्ट धरला आणि मी यायला हवं होतं, एवढंच म्हणाली. धाकटी म्हणाली, मीही कळवायला हवं होतं. शॉटसाठी त्यांना तीनदा बोलवावं लागलं.

मालिका लागली तेव्हा नामावळीत दोघींची नावं शेजारी-शेजारी होती, एका ओळीत, एका मापाच्या अक्षरांत. चौथ्या भागातल्या त्या हसण्यावर लोक आठवडाभर बोलत होते.

तो भाग लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी धाकटी खोकल्याचं औषध आणायला गेली. दुकानात गर्दी होती. तिने बाटली मागितली, तशी शेजारी उभी असलेली बाई तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली, मग हळूच आपल्या सासूला घेऊन दोन पावलं मागे सरकली. औषधवाल्याने बाटली काउंटरवर ठेवली, पण सोडेना. हे कोणासाठी, असं त्याने चाचरत विचारलं.

"बहिणीसाठी," धाकटी गोड आवाजात म्हणाली.

सगळं दुकान हसलं. ती बाटली घेऊन जवळजवळ पळतच बाहेर आली आणि फुटपाथवरच उभं राहून तिने ताईला फोन लावला. ताईने सगळं ऐकून घेतलं, पुन्हा सांगायला लावलं, त्या सासूने नेमकं तोंड कसं केलं तेही विचारलं, आणि मग म्हणाली की हे सगळं ठीक आहे, पण पुढच्या वेळी विष मी घालणार.