शालिग्रामचं भरीत

"दिवसातून किती वेळा जावं लागतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन-तीनदा," शालिग्राम म्हणाला.

"आठ वेळा," शेजारून त्याची बायको बेबाबाई म्हणाली. "आणि परवापासून रक्त पडतंय."

शालिग्रामच्या मोठ्या आतड्याला दोन वर्षांपासून सूज होती. गेल्या उन्हाळ्यात त्याला चांगला आराम पडला होता. सकाळी कुड्याच्या सालीचा काढा, दुपारी जिरं घातलेलं ताक, रात्री मुगाची पातळ खिचडी. पोट शांत झालं तसं त्यानं दिवाळीत डॉक्टरांच्या गोळ्या सोडून दिल्या. घरात बोलला नाही.

"पथ्य चांगलंच आहे, ते चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले. "काढा तूर्त थांबवा. गोळ्या मला विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत. आणि तिखट बंद."

"चाखण्यापुरतं?"

"एका स्वयंपाकात किती वेळा चाखता?"

धरणगावच्या आसपास हळदीच्या जेवणाला भरीत म्हटलं, की शालिग्रामचंच नाव निघायचं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून, मिरची-लसूण घालून तो स्वतः ठेचायचा आणि दर घाण्याला बोटानं चाखायचा. तीस वर्षांत दुसऱ्या कोणाला त्यानं चाखू दिलं नव्हतं.

जळगावहून परतताना एसटीत बेबाबाईनं जाब विचारला, "गोया सोड्यात ते माले काब्र नही सांगं?"

"तू चिंता करती."

"आते मी काय करी राह्यनू मंग?"



गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. तीन आठवड्यांत रक्त थांबलं, पण अंगात ताकद नव्हती. जीवराम पाटलांच्या मुलीची हळद तोंडावर आली होती आणि शब्द दिलेला होता. "दुसरा आचारी पाहा," असा निरोप पाठवायचं त्यानं दोनदा ठरवलं आणि दोनदा राहू दिलं. हळदीच्या दिवशी बेबाबाई न विचारता त्याच्यासोबत निघाली.

वांगी भाजून झाली. पहिला घाणा ठेचला. सवयीनं शालिग्रामचं बोट काठवटीत गेलं आणि ओठांपर्यंत येऊन थांबलं. हाताखालचे दोघे बघत होते. त्यानं बोट फडक्याला पुसलं.

"ये इकडे," तो बायकोला म्हणाला. "चाखी देख."

बेबाबाईनं चिमूटभर भरीत जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

"मीठ कमी शे."

"आनखी?"

"लसूण कच्चा लागस."

शालिग्रामला ते पटलं नाही. तरी त्यानं पुढच्या घाण्याचा लसूण तेलात जास्त परतायला लावला. त्यानंतर प्रत्येक घाणा तिच्या जिभेवरून गेला.

दुपारी पंगती उठल्या. जीवराम पाटील स्वतः ताट वाढून घेऊन आले. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, वर हिरवी कांद्याची पात.

"शालिग्रामभाऊ, यंदा नेहमीपेक्षा सरस झालंय," ते म्हणाले. "काय वेगळं घातलं?"

"यंदा हिनं चाखलंय," तो म्हणाला आणि ताट त्यानं बेबाबाईपुढे ठेवलं.

"तुम्हनं जेवन?" तिनं विचारलं.

"भात खाऊन झाला मना. तू जेव."

ती मांडी घालून बसली. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण नवऱ्यादेखत असं एकटीनं जेवायची तिला सवय नव्हती. पहिला घास तिनं पाठ वळवून घेतला.

"तिखट शे का?" त्यानं विचारलं.

"शे," पदरानं नाक पुसत ती म्हणाली. "पन बरं लागस."

शालिग्राम समोर उकिडवा बसला आणि तिचं जेवण होईपर्यंत हातातल्या फडक्यानं ताटावरच्या माश्या वारत राहिला.