उरलेल्या वाती

“पेशंटला कधी घाबरू द्यायचं नाही. विचारलं, रडलं, हात धरून बसलं, तरी आपण एवढंच म्हणायचं, काही होत नाही. आणि आपलं काम करत राहायचं.”

नर्सिंगच्या ट्रेनिंगमध्ये शांता सिस्टरांनी हे सांगितलं तेव्हा नीला अठरा वर्षांची होती आणि पहिल्यांदाच सुई हातात धरत होती. त्याला आता सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत ते तीन शब्द तिने किती जणांना म्हटले असतील याची गणती नाही. बाळंतिणींना म्हटले, ऑपरेशनला चाललेल्यांना म्हटले, ज्यांचं काय होणार हे कागदावर स्पष्ट दिसत होतं त्यांनाही म्हटले. आणि आज वर्तकनगरच्या इंग्रजी क्लासमध्ये तेच शब्द इंग्रजीत म्हणताच संचिता मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“नीला, पेशंट म्हणतेय, मला ऑपरेशनची भीती वाटते. तू म्हणतेस, डोन्ट वरी, नथिंग विल हॅपन. तुला कसं माहीत?”

नीलाने वही मिटली.

“तुझं इंग्रजी ठीक आहे गं. मार्क इथे जातात. ती कशाला घाबरलीय ते तू विचारलंच नाहीस.”

आयर्लंडला नर्स म्हणून जायचं तर आधी ही परीक्षा. तिच्याशिवाय तिथलं लायसन्स नाही. वाचणं, लिहिणं, ऐकणं नीलाने कसंबसं पार केलेलं. बोलण्यात मात्र ती दोनदा अडकली होती. समोर एक बाई पेशंट होऊन बसते, हातात एक कार्ड देतात, आणि पाच मिनिटं तिच्याशी नर्ससारखं बोलायचं. नर्ससारखं बोलण्यातच आपण नापास होतो, हे तिला कुणाला सांगायचीही लाज वाटे. तिकडे पाठवणाऱ्या एजन्सीने दिवाळीपर्यंत थांबू म्हटलं होतं. म्हणजे ही तिसरी वेळ शेवटची.

डोंबिवलीच्या घरी तिचा नवरा सहदेव रात्रीच्या जेवणानंतर पेशंट होई. एमआयडीसीतून दमून आलेला माणूस, पण सतरंजीवर आडवा पडून “सिस्टर, माय स्टमक इज क्रायिंग,” असं काहीतरी बोले आणि स्वतःच हसत सुटे. एकदा तिने, तुम्हाला कसली काळजी वाटते, असं इंग्रजीत विचारलं तर तो म्हणाला, “बायको विमानात बसणार, याची.”

जायचं कशाला, असं विचारणारे पुष्कळ होते. पगार होताच, पण नीलाच्या मनात दुसरंच काही होतं. ती काम करायची ते हॉस्पिटल बंद पडलं आणि ती नर्सिंग ब्यूरोमार्फत घरोघरी जाऊ लागली. ठाकुर्लीला विमलाबाईंकडे येऊन तिला दोन महिने झाले होते. त्यांची सून अमृता मनाने वाईट नव्हती, पण ऑफिसमधून फोन आला की म्हणायची, “हो हो, घरी आमची बाई आहे ना.” ब्लडप्रेशर घेणारी, इन्सुलिन देणारी, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणारी रजिस्टर्ड नर्स, आणि ती बाई. छातीवर आपल्या नावाची पट्टी पुन्हा एकदा लागावी, एवढंच नीलाला हवं होतं.

विमलाबाई अठ्ठ्याहत्तरच्या. ज्येष्ठात त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा राहिली, उजवा हात मात्र गेला. तो मांडीवर ठेवला की तिथेच राही, जणू कुणाचा तरी सांभाळायला दिलेला.

नीला दिवसभर त्यांच्याशीच इंग्रजीचा सराव करी. आता मी तुमचा हात उचलणार आहे, चालेल ना? पाणी गार तर नाही? विमलाबाईंचं शिक्षण सातवीपर्यंत. त्या प्रत्येक वाक्याला “येस” म्हणत.

“आजी, येस काय म्हणता? मी विचारलं, दुखतंय का?”

“मग येस. दुखतंय.”

नीला हसली. त्याही डाव्या गालाने हसल्या.

श्रावणातला सोमवार होता. सकाळी देवापुढे दिवा लावून, विमलाबाईंना बेलाचं पान हातात देऊन नीलाने ते त्यांच्याकडून वाहवून घेतलं. मग वेणी घालताना तिने क्लासमधलं एक इंग्रजी वाक्य घोळवायला घेतलं, एकदा, दोनदा, पाचदा. शेवटी विमलाबाई कंटाळल्या.

“काय गं ते सारखं? मराठीत सांग की.”

नीलाने कंगवा थांबवला आणि सांगितलं, “आजी, तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कसली वाटते?”

तिच्या मते तो फक्त अर्थ होता. विमलाबाईंनी उत्तर दिलं.

“वातींची.”

खिडकीत कुंडीत देवकापसाचं झाड होतं. त्याची बोंडं फुटून कापूस बाहेर आला होता आणि तो तोडायला कुणाला वेळ नव्हता. विमलाबाई तिकडे बघत बोलू लागल्या. गेल्या वर्षी त्यांनी लाख वाती बोलल्या होत्या. कशासाठी ते सांगायचं नसतं. रोज पहाटे स्नान करून, सरकी काढून, भस्माचं बोट लावून वळायच्या, शंभराची जुडी बांधायची. एक्क्याण्णव हजार सहाशे झाल्या आणि हात गेला. मुलगा म्हणाला, आई, बरी झालीस की कर. डॉक्टर म्हणाले, होईल सगळं. अमृताने तर बिचारीने बाजारातून वातींची पाकिटं आणली. ती देवघराखालच्या कप्प्यात तशीच होती. विकतच्या चालत नाहीत हे तिला कसं सांगायचं.

“मरणाची नाही गं भीती. ते काय, येईल तेव्हा येईल. पण त्याच्यापुढे अर्धवट काम घेऊन उभं राहायचं म्हणजे...” त्या थांबल्या. “सगळे म्हणतात, काही होत नाही. तूसुद्धा पहिल्या दिवशी म्हणालीस.”

नीलाच्या जिभेवर तेच आलं होतं. सवयीचं, सोळा वर्षांचं. तिने ते गिळलं. ती नुसती बसून राहिली, अर्धी वेणी हातात धरून. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “मी काय केलं तर तुम्हाला बरं वाटेल?”

हाही क्लासमध्ये घोकलेलाच प्रश्न होता, पण तिला ते नंतर आठवलं.

“तू वळशील? माझ्या नावानं?” आणि लगेच, “पण तू तर जाणार.”

“पास झाले तर.”

“होशील. तिकडे जाऊन वळ. देवाला काय, पत्ता लागतो होय?”

नीलाने लगेच होकार दिला नाही. आठ हजार चारशे. देवाचं काम, तोंडदेखलं हो म्हणून चालणार नाही. तिने झाडावरून एक बोंड तोडलं, हात धुऊन आली आणि विमलाबाईंसमोर बसली.

“आधी शिकवा. मला जमतंय का बघू.”

पहिली वात करंगळीसारखी जाड झाली. विमलाबाईंनी डाव्या हाताने ती बाजूला सारली. “परत.” दुसरी मधेच तुटली. “परत. कापूस ओढायचा नाही, सोडायचा.” क्लासमध्येही नीलाला असंच ‘परत’ ऐकावं लागे. अकरावी वात सरळ आली तेव्हा म्हातारीने ती उजेडात धरून पाहिली आणि वाटीत ठेवली.

“करीन आजी,” नीला तेव्हा म्हणाली. “सगळ्या करीन.”

त्या दिवसापासून रोज दुपारी पन्नास-साठ होऊ लागल्या. वाती वळता वळता नीला इंग्रजीत बोले आणि विमलाबाई दोन्हीकडे लक्ष ठेवत. एकदा अमृता लवकर घरी आली आणि दाराशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी कप्प्यातली पाकिटं तिथे नव्हती.

परीक्षा भाद्रपदात झाली. कार्डावर एक आजोबा होते, हॉस्पिटलमधून घरी जायला तयार नसलेले. पेशंट झालेली बाई गोरी, पन्नाशीची, स्क्रीनवर दिसत होती. आजोबांचा आवाज काढून ती म्हणाली, मला घरी जायची भीती वाटते. “डोन्ट वरी” नीलाच्या दातांपर्यंत आलं. तिला मांडीवर ठेवलेला तो हात दिसला. तिने विचारलं, कसली भीती? मग ती थांबली. इतकं थांबावं की नाही, मार्क जातील की काय, तिला कळेना. पण कुणाचं तरी उत्तर यायचं असतं तेव्हा थांबावं लागतं, हे आता हातांना ठाऊक झालं होतं. स्क्रीनवरची बाई क्षणभर कार्ड विसरल्यासारखी तिच्याकडे बघत राहिली, आणि मग बोलू लागली.

निकाल आला तेव्हा ती विमलाबाईंना नाश्ता भरवत होती. मोबाइल बघून तिने चमचा खाली ठेवला. विमलाबाईंनी विचारलं, “येस?”

“येस, आजी.”

पुढचे तीन महिने कागदपत्रांत, व्हिसात गेले. मार्गशीर्षातल्या गुरुवारी ठाकुर्लीचा शेवटचा दिवस होता. अमृताने ओटी भरली. तेवढ्यात तिला फोन आला आणि ती आत जाताजाता म्हणाली, “नाही, आज नको. आमच्या सिस्टर निघाल्यात.” नीलाने पिशवी आवरता आवरता ते ऐकलं.

विमलाबाईंनी निरोपाचं काही काढलं नाही. “किती झाल्या?” एवढंच विचारलं.

“पाच हजार शंभर. तीन हजार तीनशे राहिल्या.”

त्यांनी डाव्या हाताने उशाखालून एक डबा ओढला. निवडलेल्या देवकापसाने गच्च भरलेला. एका हाताने सरकी काढायला त्यांना किती दिवस लागले असतील, नीलाला विचारायचा धीर झाला नाही. तिने रोजच्याप्रमाणे विचारलं, “कूस बदलू का, आजी?” त्यांनी मान हलवली. तिने हळूच कूस बदलली, पाठ पुसली, पावडर लावली.

“मला भीती वाटते गं,” भिंतीकडे तोंड करून विमलाबाई म्हणाल्या.

“कसली?”

“तू गेल्यावर हे मला कोण विचारणार, त्याची.”

नीला त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली. पाठीखालचा श्वास संथ होईपर्यंत बसली.

घरी सहदेव बॅगेचं वजन करत होता. मेतकूट काढ, पुस्तकं काढ, असं चाललेलं. डबा उचलून तो म्हणाला, “याचं तर काही वजनच नाही.” नीलाने तो त्याच्या हातातून घेतला. हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला, पाट ओढून घेतला. भस्माच्या डबीत बोट बुडवलं आणि कापूस न ओढता, हलकेच सोडत, पहिली वात वळायला घेतली.