दयाळाची तारीख

तिसगावच्या अलीकडे पालव्यांची वस्ती आहे. तिथं कुणी पाहुणा गेला की चहाच्या आधी त्याच्या हातात वही यायची. सहादेव पालवे चाळीस वर्षं पोस्टमन होते. नोकरी सुटली, पण तारखेचं वेड सुटलं नाही. त्यांच्या गोठ्याच्या दगडी भिंतीत छपराखाली एक चिरा निसटून भोक पडलंय, आणि दरसाल दयाळाची जोडी तिथं घरटं करते. नर काळा-पांढरा, गळ्यानं गोड. मादी जरा राखाडी, भित्री. घरटं कोणत्या दिवशी लागलं ते सहादेव एकवीस वर्षं लिहीत आले होते. गावात दुसरं कुणी असलं काही लिहीत नव्हतं, म्हणून त्यांना त्याचा भारी ताठा.

वडिलांनी सांगून ठेवलं होतं की शिमगा झाला की दयाळ घर बघतो. म्हणून धुळवडीच्या सकाळी सहादेव भिंतीला शिडी लावायचे, भोकात टॉर्च मारायचे आणि तिथून पुढं रोज बघायचे. गवत दिसलं की वहीत तारीख. पहिल्या बारा वर्षांत आठ-दहा दिवस वाट बघावी लागली, एकदा तर पंधरा. पण गेली नऊ वर्षं काय गंमत, बरोबर धुळवडीलाच घरटं तयार! "पाखरू बी पंचांग पाळाया लागलं," असं सहादेव सगळ्यांना सांगत. ऐकणाऱ्याला काय, तो मान डोलवायचा आणि चहा प्यायचा.

गेल्या वर्षी पाडव्यानंतर नगरच्या कॉलेजातून स्नेहल मॅडम आल्या. ऊन लवकर तापायला लागल्यापासून गाणारी पाखरं अंडी घालायची वेळ बदलतात का, हा त्यांचा अभ्यास. वहीची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. सहादेवांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि अंगणात बाज टाकली. मॅडमनी वहीचं पान न् पान वाचलं, शेजारी मोबाईलवर जुनी कॅलेंडरं लावली आणि मग शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"काका, या शेवटच्या नऊ तारखा सगळ्या धुळवडीच्या आहेत."

"मग? मी त्येच म्हनतोय!"

"पण धुळवड कधी मार्चच्या सुरुवातीला येते, कधी शेवटाला. पक्षी तिथी बघत नाही, काका. तो दरवर्षी आधीच आलेला असणार. या तारखा घरट्याच्या नाहीत, तुम्ही शिडी लावली त्या दिवसाच्या आहेत."

सहादेव वही हातात घेऊन पानं चाळायला लागले. एवढ्यात शेणाची पाटी डोक्यावर घेऊन त्यांची बायको पुष्पावती गोठ्यातून बाहेर आली. कुणी विचारलं नव्हतं, तरी सहज बोलून गेली, "आता हरभऱ्याला घाटं धरलं की काड्या न्ह्याया लागतंय की. पयल्यासारखं शिमग्यापत्तूर कुठं थांबतंय?"

झालं! मॅडम ताडकन उठल्या. कोणत्या साली, कधी, कशावरून? पुष्पावतीला तारखा ठाऊक नव्हत्या, पण प्रत्येक साल तिच्याकडं कशाला तरी बांधलेलं होतं. तांबडी गाय व्याली तेव्हा ती चीक काढत होती आणि डोक्यावरून मादी काडी घेऊन गेली. गाय कधी व्याली ते जनावरांच्या डॉक्टरच्या कार्डावर होतं. दुसऱ्या साली लेकीच्या, पंकजाच्या, पोराचं बारसं. त्याची पत्रिका ट्रंकेत होती. असं करत नवापैकी सात सालांच्या तारखा लागल्या. दर दोन-तीन सालांनी घरटं अलीकडं सरकत आलं होतं. मॅडम तिच्यासोबत चुलीपाशी गेल्या त्या दिवस मावळेपर्यंत तिथंच. भाकरीही तिथंच खाल्ली. सहादेव मांडीवर वही घेऊन अंगणात एकटे बसले आणि आतलं हसणं ऐकत राहिले. त्यांचा नुसता जळफळाट झाला. चोरानं घर फोडलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

मॅडम गेल्यावर ते बायकोवर उखडले. "नऊ वरीस तोंडाला कुलूप लावलं हुतं व्हय तू?"

"तुमी कधी इचारलं? तुमी नुसतं दावतच आला," पुष्पावती म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

दिवाळीला मॅडमची छापील पुस्तिका आली. त्यात तिसगाव परिसराच्या पुढं निरीक्षक म्हणून लिहिलं होतं: पुष्पावती सहादेव पालवे. खाली बारीक अक्षरात 'पहिल्या बारा वर्षांसाठी सहादेव पालवे यांची वही' असंही होतं, पण ते सहादेवांना दिसूनही दिसलं नाही. त्यांना दिसलं ते वरचं. एकवीस वर्षं शिडी चढलो मी, आणि माझं नाव कुठं, तर बायकोच्या नावात मधे, नवरा म्हणून! पुस्तिका त्यांनी कपाटावर उलटी टाकली. पुष्पावतीला वाचता येत नव्हतं, तिनं ती सुलटी करून देव्हाऱ्याशेजारी ठेवली. त्यानंही ते चिडले.

यंदा मात्र संक्रांत झाली तशी सहादेवांनी कंबर कसली. जन्मात शेणाला हात न लावलेला माणूस पहाटे उठून गोठा झाडायला लागला. बायकोच्या हातातला खराटा हिसकावून घ्यायचे. वाटेनं जाणारी शेजारची चांगुणा तर एकदा थांबून बघतच राहिली.

पुष्पावतीनं एवढंच सांगितलं, "भोकात हात घालू नगा. आन् सारखा उजेड मारू नगा. मादी लई भित्री असती."

मला मागं ठेवायचा हिचा डाव, असं सहादेवांनी मनात धरलं. मत्सर एकदा डोक्यात शिरला की साधी गोष्टही कपटासारखी दिसते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात भोकात गवत दिसलं. मग सहादेव शिडीवरून उतरायला तयार होईनात. चार दिवसांनी पहिलं अंडं पडलं. त्यांनी मोबाईलची बत्ती लावून फोटो काढला आणि तारीख, वेळ घालून मॅडमना पाठवला. मॅडमचं उत्तर आलं, "वा काका! या भागातून इतकी लवकरची नोंद पहिल्यांदाच." सहादेवांनी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं आणि संध्याकाळी तिसऱ्यांदा. "आता कळलं, निरीक्षक कुनाला म्हनत्यात?"

"कळलं की," पुष्पावती म्हणाली. चेहऱ्यावर हसू होतं. ते कसलं हसू, हे बघायला सहादेवांना सवड नव्हती.

दुसरं अंडं, फोटो. तिसरं अंडं, फोटो. चौथ्या सकाळी मादी घरट्यात बसलेली होती, हलेचना. खाली चौथं अंडं आहे की नाही? बायकोनं आधी बघितलं तर? सहादेवांनी हात घातला आणि मादीला बोटानं सरकवलं. ती फडफडत त्यांच्या तोंडावरून बाहेर गेली.

ती परत आली नाही. नर दोन दिवस लिंबावर बसून ओरडला आणि मग तोही दिसेनासा झाला. तिसऱ्या दिवशी पुष्पावती स्वतः शिडीवर चढली आणि तीन अंडी पदरात घेऊन खाली उतरली. गार पडली होती. 'मी सांगितलं हुतं' हे तीन शब्द तिनं उच्चारले नाहीत. ती बोलली असती तर सहादेवांना भांडता तरी आलं असतं.

शेवटी तेच म्हणाले, "तुला कळलं हुतं का, यंदा कधी लागलं?"

"व्हय. तुमच्या आधी आठ दिस. काडी न्हेताना बघितली."

"मग मॅडमला फोन का न्हाई केला?"

"तुमचं नाव लागावं म्हनून."

सहादेवांच्या कानशिलात कुणी वाजवली असती तर बरं होतं. एक डाव जिंकला होता, तोही बायकोनं सोडलेला निघाला. दया आली म्हणून टाकलेला तुकडा! त्यांना तिचा राग आला, खरंच राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली.

दुपारी पुष्पावतीच्या मोबाईलवर मॅडमचा फोन आला. घरटं कसं आहे? सहादेव ओसरीवरून ऐकत होते.

"न्हाई हो बया. मांजरानं हुसकावलं. आमच्या ह्यांनी लई जपलं हुतं," पुष्पावती म्हणाली.

सहादेवांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आणि मग त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, गुळासारखा. आता हिचंही खोटं झालं! मॅडमच्या कागदावर माझ्या नऊ तारखा चुकीच्या, तर हिचं मांजर चुकीचं. फिटंफाट. जेवताना ते मनातल्या मनात हा विचार चघळत राहिले आणि, खोटं कशाला सांगा, त्यांना भाकरी गोड लागली.

पुष्पावतीनं मात्र चतकोरावर ताट सारलं आणि तांब्या तोंडाला लावला.

"का गं? जेवीनास?"

"घास उतरंना. त्या पोरीनं माजा शबुद न् शबुद खरा मानला हुता. गाय कधी व्याली, बारसं कधी झालं, समदं. आता मी काय बी सांगितलं तरी माजं मला खरं वाटनार न्हाई."

ती रडली नाही. खरकटं ताट उचलून मोरीकडं गेली.

सहादेव तसेच बसले. हात वाळला तरी बसले. तिच्याजवळ जे होतं म्हणून त्यांनी वर्षभर दातओठ खाल्ले, तेच आज तिनं त्यांच्यासाठी घालवलं होतं. ते त्यांना मिळालंही नव्हतं, तिच्याकडंही उरलं नव्हतं. त्यांनी तिचाच मोबाईल उचलला आणि मॅडमचा नंबर लावला.

"मॅडम, सहादेव पालवे बोलतोय. ते मांजर न्हवतं. मी हात घातला. बसल्या मादीला हात लावला. हिनं मला झाकाया मांजराचं नाव घेतलं, एवढंच ती खोटं बोलली. बाकी तिचं समदं खरं हाय, तसंच राहू द्या."

मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला. काका, बरं झालं सांगितलंत, असं काहीतरी त्या म्हणतील म्हणून सहादेव कान देऊन उभे राहिले.

"काकू आहेत का जवळ?" मॅडम म्हणाल्या. "त्यांना द्या फोन."

पुन्हा तोच जळफळाट, गेल्या पाडव्यानंतर झाला होता तसाच. सहादेव मोरीच्या दाराशी गेले आणि ओल्या हातांच्या बायकोच्या कानाला फोन धरून उभे राहिले.