उंबऱ्यावरचं रक्त

ल्युसियाँ मार्साकच्या पायाला भिंगरी होती. सेटवर त्याच्या नावाची खुर्ची असे, पण तिच्यात त्याला बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. तरुणपणी त्याने फ्रान्समध्ये असे भयपट काढले, की बघणारे घरी जाऊन दिवे लावून झोपत. मग अमेरिकेने बोलावलं, तिथे सिनेमा साफ आपटला, आणि तेव्हापासून मिळेल त्या देशात, मिळेल ते काम करत हा गृहस्थ फिरत होता. आता त्याने शेवटचा डाव मांडला होता तो वेरिबी या ऑस्ट्रेलियन उपनगरात, यतिनच्या घरात.

यतिन त्याचा असिस्टंट. क्लेटनच्या विद्यापीठात शिकताना ल्युसियाँचे सिनेमे बघून बघूनच त्याने इंजिनिअरिंगवर पाणी सोडलं होतं. साक्षात देवाने शूटिंगला घर मागितल्यावर नाही कोण म्हणेल? फक्त पुण्याहून राहायला आलेल्या आईला सगळं नीट सांगायचं राहून गेलं.

काल शेवटचा प्रसंग अर्धा झाला होता. घरातून वाहत आलेलं रक्त उंबऱ्यावर येऊन थांबतं, तिथवर. उरलेला आज. आज संपलं नाही, तर सिनेमा दुसऱ्याकडून पुरा करून घेऊ, असं निर्मात्याने बजावलं होतं.

सकाळी युनिट आलं, तर उंबरा लख्ख पुसलेला, त्यावर हळदकुंकू आणि पुढे रांगोळी.

"आई! काय केलंस हे?"

"मग काय, दारात रक्त ठेवून चहा पिऊ? खोटं असलं म्हणून काय झालं!"

"अगं, तेच शूट करायचं होतं! कंटिन्युइटी गेली सगळी, कालच्या शॉटशी आता जुळणार कसं!"

"मग सांगायचं होतंस."

तो ओघळ पुन्हा तसाच जमणं शक्य नव्हतं. खोटं रक्त बनवणारी मुलगी कालच सिडनीला परतली होती. ल्युसियाँ अंगणात येरझाऱ्या घालत फ्रेंचमध्ये शिव्या हासडत होता. एकाएकी तो थांबला.

"यतिन, विचार तिला. पुसताना भीती वाटली?"

"भीती कसली?" यतिनने विचारल्यावर आई म्हणाली. "पुसणाऱ्याला घाबरायला वेळ असतो का?"

यतिनने इंग्रजीत सांगितलं. ल्युसियाँ रांगोळीपाशी वाकला आणि मग युनिटकडे वळला.

"उरलेलं रक्त टाका. कसंही टाका. कॅमेरा तिच्या हातांवर."

आईने ओढणी खोचली. उतू गेलेलं दूध पुसावं तसं तिने ते रक्त पुसलं, फडकं बादलीत पिळलं, लाल पाणी झाडाला घातलं आणि रांगोळीचा डबा उघडला. मॉनिटरवर बघताना यतिनला आपल्याच आईची भीती वाटली. इतकी भीती त्याला ल्युसियाँच्या एकाही सिनेमात वाटली नव्हती.

ल्युसियाँने हळूच कट म्हटलं. सिनेमा संपला होता. टाळ्या मात्र कोणी वाजवल्या नाहीत.

"जन्मभर रक्त सांडत आलो," तो म्हणाला. "मागे ते कोण पुसतं, हे बघायला कधी थांबलोच नाही."

आणि तो जाऊन उंबऱ्यावर बसला.

"अरे, उठव त्याला! उंबऱ्यावर बसू नये!"

"बसू दे गं, आई," डोळे पुसत यतिन म्हणाला. "पहिल्यांदाच बसलाय."