वैभवचं मागचं चाक

वैभव नंदनवार विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्यांची पाहणी करायचा. गाडी झाडावर आदळली असं सांगणाऱ्याला तो आधी विचारायचा, कोणतं झाड? बाभूळ म्हटलं, तर मग बाभळीची साल बंपरला का नाही? पंधरा वर्षं हेच करून माणसाची नजर जशी व्हायची तशी त्याची झाली होती. त्याच्या बायकोने, काजलने, वरणात मीठ कमी पडलं म्हटलं तरी याच्या मनात यायचं, पडलं की टाकलं? कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. याला तर आपली कावीळ म्हणजे हुशारी वाटायची.

अशा माणसाने सायकलवाल्यांच्या नादी लागूच नये, कारण तो सगळा कारभार विश्वासाचा. रविवारी कामठी, कन्हान करत मनसर गाठायचं, तिथे हमरस्ता सोडायचा आणि सागाच्या जंगलातला अरुंद डांबरी रस्ता धरायचा. शेवटी एक चढ येतो, त्याच्या माथ्यावर तेंदूची झाडं आहेत म्हणून गटाने त्याला तेंदूचा चढ असं नाव ठेवलंय. सगळे एकामागे एक, चाकाला चाक लागेल इतके जवळ चालवतात. पुढे असेल तो वारा अंगावर घेतो, मागच्याचे पाय वाचतात. पण मागच्याला रस्ता दिसत नाही, दिसतं फक्त पुढच्याचं मागचं चाक. म्हणून पुढच्याने खड्डा दिसला की त्या बाजूचा हात खाली करायचा आणि ओरडायचं, "गड्डा!" उशिरा आलात, अर्ध्यातून परतलात, तरी कोणी काही म्हणत नाही. हात न करणाऱ्याला मात्र गटात ठेवत नाहीत.

दर थंडीत एका रविवारी या चढावर शर्यत लागते. पहिला येईल त्याच्या डोक्यावर रुचिका, म्हणजे गट चालवणारी, एक नारिंगी टोपी घालते. टोपी जरीपटक्याच्या बाजारातली, धुतली की रंग सोडणारी. पण गेली तीन वर्षं ती वैभवकडे होती आणि तिच्यात त्याचा जीव अडकला होता. ऑफिसात साहेब काहीही बोलले तरी चालेल, टोपी जाता कामा नये.

आणि टोपीवर डोळा होता जितेंद्रचा. निदान वैभवची तशी खात्री झाली होती.

जितेंद्र पराते हा त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. उमरेडच्या विणकरांच्या घरातला, आता इतवारीत साड्यांच्या दुकानात मॅनेजर. चढावर दोघांत नेहमी उन्नीस-बीस, आणि वैभव बीस. पण दिवाळीपासून जितेंद्रचं वागणं बदललं. पूर्वी दोघं आळीपाळीने पुढे राहायचे. आता हा पुढे जायलाच तयार नाही, सबंध रस्ता वैभवच्या मागच्या चाकाला चिकटून. वारा खायचा वैभवने आणि ताजे पाय जितेंद्रचे. पहाटे अंधारात निघायची गटाची रीत, तर हा म्हणायला लागला, उन्हं निघाल्यावर निघू. बरं, स्कूटर असून हल्ली ती चालवत नाही, मेव्हणा सोडतो दुकानात. पाय वाचवतोय, दुसरं काय?

मनसरच्या टपरीवर तर वेगळेच प्रकार. वैभवने बाजूने चहाचा ग्लास पुढे केला तर जितेंद्रने बघितलंसुद्धा नाही, आणि मग तोच ग्लास कोपराने सांडला. एकदा वैभवने हात मिळवायला हात पुढे केला, तो तसाच हवेत राहिला. माज आला, वैभवने मनात नोंद केली. एकदा तर जितेंद्र पाणी प्यायला गेलेला बघून वैभवने त्याच्या सायकलीची नळी बोटाने टकटक वाजवून पाहिली. आत मोटर लपवतात म्हणे हल्ली. मोटर नव्हती, तर त्याचाही याला संशय आला. काजल म्हणाली, अहो, त्याला सरळ विचारा ना. पण सरळ विचारलं तर पाहणी कसली?

शर्यतीच्या आधीचा रविवार आला. गटातले सगळे रुचिकाच्या भावाच्या लग्नाला गेलेले, वैभव आणि जितेंद्र दोघेच निघाले. निघताना जितेंद्रने आपणहून सांगितलं, "तूच राह्य पुढं. मी हाओ तुह्या मागं."

वैभव हसला, पण आतून पेटला. आज याला चाकावरून झटकायचंच, त्याने ठरवलं. शर्यतीच्या आधी कळू दे, बाप कोण आहे ते.

मनसरपर्यंत त्याने नियमाप्रमाणे हात केले. जंगलाचा रस्ता लागला. पावसाळ्याने या रस्त्याची चाळण केली होती, आणि सागाच्या सावलीत खड्डे आणि सावल्या एकाच रंगाच्या दिसत होत्या. पहिला खड्डा आला. वैभवने सायकल अलगद उजवीकडे घेतली आणि हात हँडलवरच ठेवला. तोंडही उघडलं नाही. मागे धाडकन आवाज झाला.

"सांभाळ," वैभव म्हणाला, मागे न बघता.

दुसऱ्या खड्ड्यालाही तो गप्प राहिला. पुन्हा आवाज. त्याला जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. चिकटून चालवायचं तर डोळे उघडे ठेवावेत माणसाने. मग चढ सुरू झाला आणि त्याने सगळा जोर पायांत आणला. पहिल्याच वळणावर मागचा साखळीचा आवाज बंद पडला. माथ्यावर तो एकटा पोचला, तेंदूच्या झाडाला सायकल टेकवली आणि छाती भरून हवा घेतली. टोपी घरातच राहणार होती.

जितेंद्र मात्र येईना. बराच वेळ झाला. दमला म्हणून थांबला असेल का? छे. हा मुद्दाम थांबलाय, वैभवने हिशेब केला. आपण कमजोर आहोत असं भासवायचं आणि पुढच्या रविवारी एकदम उसळायचं. डाव चांगला होता. वैभवला त्याचं कौतुकच वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. जितेंद्रची बायको, गोपिका.

"भाऊजी, त्यायचा फोन लागून नाही राहिला. तुमच्या मागंच हायेत ना ते?"

"हो, मागंच हाय," वैभव बोलून गेला.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम सैल पडला. "तुमचं चाक असलं समोर की मले घोर नाही राहत. बाकी कोनासोबत मी त्यायले जाऊच देत नाही आता."

फोन ठेवल्यावरही वैभव तसाच उभा राहिला. हिलाही डावात घेतलंय की काय, हे त्याच्या डोक्यात आलंच, सवय जाते थोडीच. पण 'चाक असलं समोर' म्हणजे काय? टोपीसाठी नवऱ्याला दुसऱ्याच्या चाकामागे धाडणारी बायको असा सुटकेचा श्वास का सोडेल? त्याने सायकल वळवली आणि उतार धरला.

पहिल्या वळणाच्या खाली जितेंद्रची सायकल नालीत आडवी पडली होती. जितेंद्र रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसून सागाची वाळलेली पानं चाचपत होता. कोपर सोललं होतं, तळहाताला रक्त होतं. त्याचा फोन त्याच्या डाव्या गुडघ्याजवळच पडला होता, बंद, काळा, पानांच्या वर. जितेंद्र मान हळूहळू फिरवत होता, दूरचं पान उचलत होता, आणि गुडघ्याजवळचा फोन त्याला सापडत नव्हता.

वैभव बाजूला येऊन उभा राहिला. सावली पडली, तरी जितेंद्रने वर पाहिलं नाही. वैभवने हात पुढे केला. तो हात पुन्हा हवेतच राहिला. आयुष्यभर त्याने सोंगं पाहिली होती, लंगडणारी, कण्हणारी, बेशुद्ध पडणारी. हे सोंग नव्हतं.

"जितू," तो म्हणाला.

जितेंद्र दचकला. मग आवाजाच्या दिशेने मान वळवून त्याने वैभवचा चेहरा शोधला, आणि चेहरा सापडल्यावर हसला. "आलास का. फोन पडला गा माहा. इकडंच असन कुठं तरी."

वैभवने फोन उचलून त्याच्या हातात दिला. किती दिवसांपासून आहे हे, त्याने विचारलं. जितेंद्रने सगळं सांगितलं. दिवाळीच्या आधी डॉक्टरने सांगितलं होतं, नजर बाजूंनी मिटत चालली आहे, अंधारात आणि सावलीत जास्त. समोरचं नळीतून पाहिल्यासारखं दिसतं, बाकी काळोख. उपाय नाही. स्कूटर सोडली. दुकानात अजून कोणाला माहीत नाही, गटालाही नाही. सायकलही सोडायचीच होती, पण ही एक थंडी काढायची असं त्याने गोपिकाकडून कबूल करून घेतलं होतं.

"तुह्या चाकावर नजर ठेवली का बाकी काही पाहाले नाही लागत," तो म्हणाला. "तू गड्डा म्हनला का मी सरकतो. वीस वर्षांत तुहा हात कधी चुकला नाही."

लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने सांगून टाकलं, की मला वाटलं तू टोपीसाठी चिकटून राहिलास, म्हणून आज मी मुद्दाम हात केला नाही.

जितेंद्र रुमालाने तळहात पुसत राहिला.

"पहिल्या धक्क्याले वाटलं, एखादा गड्डा तुह्या नजरंतून सुटला असन," मग तो म्हणाला. "दुसऱ्यालेही तेच वाटलं. तू बोलला नाही म्हंजे रस्ता चांगला हाय, असंच धरून चाललो मी."

वैभवने मनसरला कोणाला तरी पिकअप घेऊन इकडेच बोलावतो म्हटलं. जितेंद्र म्हणाला, मनसरपर्यंत सायकलनेच येईन, तिथून पिकअपने जाऊ. त्याच्यापुढे वैभवचं काही चाललं नाही. त्याने नालीतून सायकल काढली, हँडल सरळ केलं, चाक फिरवून पाहिलं. दोघं निघाले. वैभव पुढे, अगदी हळू. तो दिसेल ते ओरडून सांगत होता, वळण, पानं, शेळ्या, पूल. हात खाली करून करून त्याचा खांदा भरून आला.

पण मागच्या साखळीचा आवाज जवळ येत नव्हता. त्याने वळून पाहिलं. जितेंद्र आज दोन सायकलींचं अंतर ठेवून होता, दोन्ही हातांची बोटं ब्रेकवर, मान पुढे ताणलेली, चाकाऐवजी स्वतःच रस्ता शोधत. सावलीच्या पट्ट्यांत तो जवळजवळ थांबत होता.

"जवळ ये गा," वैभव म्हणाला. "चाक पाह्य माहं."

जितेंद्रने मान हलवली, पण अंतर तेवढंच राहिलं.

पुढे रस्त्याच्या डाव्या बाजूला एक मोठा खड्डा होता. वैभवने डावा हात पार खाली नेला आणि जंगलात घुमेल इतक्या जोरात ओरडला, "गड्डा! डाव्या हाताले!"

मागून ब्रेक करकचल्याचा आवाज आला. जितेंद्र रस्त्यातच एक पाय टेकवून उभा राहिला होता.

"खरंच हाय?" त्याने विचारलं.