चेहरा वगळून

त्या मुलीला घरीदारी सगळे टकळी म्हणायचे. एकदा बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. मुलांचे मेंदू कसे वाढतात आणि पुढे कुणाचं मन का आजारी पडतं, हे शोधण्यासाठी एका संशोधन केंद्रात मोठा अभ्यास चालला होता. त्यात ती आठव्या वर्षी आली, वडिलांचं बोट धरून. दर दोन-अडीच वर्षांनी त्याच मुलांना बोलवायचं, चुंबकाच्या यंत्रात झोपवून मेंदूची चित्रं घ्यायची आणि मग मन कसं आहे, झोप लागते का, असले प्रश्न विचारायचे, असा तो अभ्यास. यंत्र चालवणाऱ्या बाईंचं नाव मुलांनी चुंबकताई पाडलं होतं. आत सोडण्याआधी त्या प्रत्येकाचे खिसे तपासायच्या.

टकळीचे वडील कुलपं दुरुस्त करायचे, किल्ल्या बनवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी खिसे रिकामे केले तर टेबलावर किल्ल्यांचा हा ढीग!

"बाबा, तुम्ही आत गेलात तर भिंतीलाच चिकटाल," टकळी म्हणाली. "आई म्हणेल बरं झालं, एका जागी सापडले तरी."

चुंबकताई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा पुसावा लागला.

आत मात्र हलायचं नाही, बोलायचं नाही. जबडा जरा हलला तरी चित्र फिसकटतं. पाच मिनिटं झाली नसतील, तोच यंत्राच्या खडखडाटातून टकळीचा आवाज आला, "ताई, माझ्या डोक्यात आत्ता काय चाललंय ते दिसतंय का हो तुम्हाला?" ते चित्र वाया गेलं. पुढच्या दोन खेपांनाही थोडंफार तेच झालं. तरी ती आली की केंद्रातले सगळे खूश असायचे.

चौथ्या खेपेला ती पंधरा वर्षांची होती. मोबाइल काढून दिला, मुकाट्याने झोपली आणि शेवटपर्यंत पापणीही हलवली नाही. इतकं स्वच्छ चित्र चुंबकताईंना क्वचितच मिळायचं. त्यांनी तिच्या पाठीवर थाप दिली. "मोठी झालीस गं!" ती कसनुसं हसली. प्रश्नांना तिने सगळं ठीक आहे, असंच उत्तर दिलं.

वर्षाच्या आत टकळीने स्वतःचं आयुष्य संपवलं.

तिचे वडील केंद्रात आले ते त्यानंतर काही महिन्यांनी. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. अभ्यासाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी चुंबकताईंनाही आत बोलावून घेतलं.

"चार वेळा तुम्ही तिच्या डोक्यात पाहिलंत," वडील म्हणाले. "आम्ही अडाणी, आम्हाला कळलं नाही. तुम्हालाही दिसलं नाही?"

मोठ्या बाईंनी खुर्ची टेबलामागून काढून त्यांच्याजवळ ओढली. "नाही दिसत हो. एका मुलीच्या मेंदूकडे बघून असलं काही सांगता येत नाही. हजारो मुलांची चित्रं एकत्र मांडली, तर कुठे बारीकसा फरक दिसतो. तोही सरासरीत."

"सरासरीला बाप असतो का, बाई?"



वडिलांना आणखी एक विचारायचं होतं. चित्रं कुणालाही बघता येतात, असं त्यांनी ऐकलं होतं. खरं का? मोठ्या बाईंनी खरं ते सांगितलं. या अभ्यासातली सगळी चित्रं नाव-गाव काढून, नुसता क्रमांक घालून खुली ठेवली जातात. जगातला कुठलाही संशोधक ती उतरवून घेऊ शकतो. एकेका केंद्राने आपली चित्रं कपाटात दडवून ठेवली, म्हणूनच हे शास्त्र इतकी वर्षं चाचपडत राहिलं, असं त्यांचं मत होतं आणि त्यासाठी त्या बऱ्याच जणांशी भांडल्याही होत्या. टकळीच्या आईवडिलांनी, आणि कळायला लागल्यावर खुद्द टकळीने, त्याला होकार दिलेला होता.

"मग तिचा क्रमांक मला द्या," वडील म्हणाले. पालक म्हणून तो त्यांचा हक्क होता. त्यांना तो मिळाला.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक छापील कागद होता. अशा खुल्या चित्रांवरून मनाच्या आजाराचा धोका सांगण्याचा दावा करणारी एक कंपनी त्यांनी शोधून काढली होती. टकळीच्या शेवटच्या चित्रापुढे कंपनीने लाल अक्षरांत लिहिलं होतं, धोका जास्त.

"दिसत होतं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त जड गेलं. "बघणारा पाहिजे होता."

मोठ्या बाई त्या दिवशी बाहेर होत्या. चुंबकताईंना काय करावं सुचेना. मग त्यांना आठवलं, यंत्राची चाचणी घेताना त्या स्वतः कितीतरी वेळा आत झोपल्या होत्या. त्यांनी आपलं एक चित्र वडिलांसमोरच त्या कंपनीकडे पाठवलं. दोघं शेजारी शेजारी बसून वाट बघत राहिले. उत्तर आलं. तीच लाल अक्षरं.

"बघा," चुंबकताई म्हणाल्या. "मी धडधाकट बसलेय ना तुमच्यासमोर? त्यांनाही काही कळत नाही. ठोकून देतात."

वडिलांनी छापील कागदाची घडी घातली. "ताई, तीही अशीच बसायची माझ्यासमोर. धडधाकट."

त्या संध्याकाळी घरी जाताना चुंबकताईंच्या मनात ते वाक्य ठाण मांडून बसलं. स्वयंपाक करताना त्यांनी नवऱ्याला उगाचच विचारलं, मी हल्ली कमी बोलते का? तो म्हणाला, देव पावला असता. त्या हसल्या नाहीत.

आठवड्याभरात वडिलांचा अर्ज आला. आमची मुलगी या अभ्यासातून काढून टाका, तिचं काहीही ठेवू नका. नियमाप्रमाणे दोघांपैकी एका पालकाचा नकार पुरेसा होता. चुंबकताईंनी खुल्या संग्रहातून तिची चित्रं काढली. केंद्रातली मूळ चित्रं महिनाभराने पुसायची होती. नकार फिरवायला तेवढीच मुदत, आणि तो ज्याने दिला त्यानेच फिरवायचा.

मुदत संपत आली तेव्हा टकळीची आई आली. ती शिवणकाम करायची. बोटांना अजून खडूची पूड होती.

"यांनी मला विचारलं नाही," ती म्हणाली. "मला काल कळलं. ताई, पुसायच्या आधी एकदा दाखवाल?"

चुंबकताईंनी दार लावून घेतलं. मूळ चित्रात मेंदूबरोबर चेहराही येतो. कातडीचे थर जोडले की पडद्यावर तो उभा राहतो, नाक, ओठ, हनुवटी, सगळं. तो त्यांनी हळूच वळवून समोर आणला. राखाडी रंगाची, डोळे मिटलेली टकळी.

आईने तोंडावर पदर धरला. मग मोबाइल काढला, फोटो घ्यायला वर उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"नको. अशीच दिसत होती शेवटी. मी पाहिलंय." मग तिने विचारलं, "बाहेर लोकांनी हा चेहरा पाहिला?"

"नाही हो. कुणी ओळखू नये म्हणून बाहेर देण्याआधी चेहरा आम्ही कापूनच टाकतो. फक्त मेंदू जातो."

"तोही आता परत घेतलात ना?"

चुंबकताईंना खोटं बोलता आलं असतं. "आमच्याकडून काढला. पण ज्यांनी आधी उतरवून घेतलाय, त्यांना आम्ही नुसतं कळवू शकतो. त्यांच्याकडचा परत येत नाही."

आईने ते नीट समजून घेतलं. चेहरा नसलेली टकळी कुठल्या कुठल्या यंत्रांत राहणार होती. चेहरा असलेली तेवढी पुसायची होती.

"हे उलटं झालं की ताई," ती म्हणाली. "हे नका पुसू. यांना सांगा ना तुम्ही. माझं ऐकत नाहीत. घरात बोलतच नाहीत."

म्हणून दुसऱ्या दिवशी चुंबकताई दुकानावर गेल्या. वडील एका जुन्या कुलपाची तबकडी कानशीने घासत होते. चुंबकताईंनी सगळं सांगितलं, आईचं म्हणणंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कानस मात्र चालू ठेवली.

"माझ्या पोरीच्या डोक्यात कोण कोण डोकावतंय, हेच मला रात्रंदिवस दिसतं," ते शेवटी म्हणाले. "आणि मी एवढा जवळ असून..." कानस खाली ठेवून त्यांनी तळहात कपाळाला लावला. "तिला सोडा आता. सगळ्यांनीच सोडा."

"वहिनींना तो चेहरा हवाय."

"मला नकोय. माझ्याने ते बघवणार नाही. आणि घरात असं काही आहे म्हटल्यावर मी बघितल्याशिवाय राहणारही नाही."

नकार त्यांनी फिरवला नाही. मोठ्या बाईंनी वरपर्यंत विचारून पाहिलं, पण तो नियम स्वतः बाईंनीच आग्रहाने करून घेतला होता. ज्याला बाहेर पडायचं त्याला पूर्ण बाहेर पडता यावं म्हणून. तो आता मोडायचा कसा? त्या दिवशी त्या जेवायलाही उठल्या नाहीत.

ठरल्या दिवशी चुंबकताईंनी चारही चित्रं पुसली. पहिलं हललेलं, वाया गेलेलंसुद्धा. आईला फोनवर कळवणं त्यांना बरं वाटेना, म्हणून त्या घरी गेल्या. आई शिवणयंत्रावर वाकून कुणाच्या तरी पडद्यांना दुमड घालत होती. आतल्या खोलीत वडील होते, पण बाहेर आले नाहीत.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

"वेळ लागतो का?"

"नाही. लगेच होतं."

"आवाज वगैरे होतो काही?"

"नाही, वहिनी. काहीच होत नाही."

आईने मान डोलावली, पडद्याची कड बोटांनी सरळ केली आणि पुन्हा पायडल मारायला लागली.