काकांचा डावा डोळा

आमच्या कार्यशाळेत डोळे बनतात. ज्यांचा एक गेलाय, त्यांना उरलेल्याशी जुळणारा. त्यातून दिसत काही नाही, पण समोरच्याला वाटतं की दिसतंय. बऱ्याच साहेबलोकांचं काम यावरच चालतं.

मला हे काम काकांनी शिकवलं. ते माझे काका नाहीत. सगळेच त्यांना काका म्हणतात, रागात असली की बायकोसुद्धा. त्यांची पद्धत एकच: शिकाऊ माणसाने त्यांच्या डावीकडे बसायचं आणि त्यांचा डावा डोळा रंगवायचा. दोन वर्षं फक्त तोच. "एक नीट आला की सगळे येतात," असं ते म्हणायचे.

मला तो इतका नीट आला की पुढे दुसरा आलाच नाही. कोणाचंही बुबुळ रंगवायला घ्या, हात काकांच्याच डोळ्याकडे वळायचा. कडेला राखाडी, आत मधाचा रंग आणि बघण्यात थोडा संशय. शेवटचा हात काका फिरवायचे, म्हणून गिऱ्हाईक खूश व्हायचं आणि माझं बिंग झाकलेलं राहायचं.

आता काकांचे हात थरथरायला लागले होते. ते लेकीकडे निघाले होते, परगावी, कायमचे. गाडी खाली उभी होती. नेमक्या तेव्हाच पोहायला शिकवणाऱ्या बाई आपला डोळा न्यायला आल्या. मी एकट्याने पुरा केलेला तो पहिलाच.

बाईंनी तो बसवला आणि आरशात बराच वेळ पाहिलं.

"रंग वेगळाय," त्या म्हणाल्या. "आणि हा माझ्यावर रागावलाय."

काकांनी वाकून पाहिलं. "माझा आहे."

"तुमचा मला कशाला?"

"काका, तेवढा शेवटचा हात," मी म्हणालो.

त्यांनी हात पुढे करून दाखवला. तो पंख्याखालच्या कॅलेंडरसारखा हलत होता.

"मला दुसरा येतच नाही, काका. तुमचाच येतो."

"माझा कुठला रे, गाढवा. डावा माझ्या गुरूंनी बनवलेला. त्यांनी स्वतःचा बघून केला. त्यांनाही दुसरा येत नव्हता."

सहा वर्षं खोट्या डोळ्यांच्या कार्यशाळेत काढून मला हे कळलं नव्हतं. यावरून गुरूंच्या गुरूंचं काम किती सुबक होतं ते बघा. मी पहिल्यांदाच काकांच्या उजवीकडे जाऊन उभा राहिलो. उजवा साधा, काळसर होता आणि लाल झाला होता. डावा मजेत होता.

"मग तुम्ही कसे शिकलात?"

"ते गेल्यावर."

"पण कसे?"

"आठवत नाही. सुरुवातीचे लोक फार नाराज झाले, एवढं आठवतंय."

खाली हॉर्न वाजला. जिन्यात मी त्यांना डावीकडून आधार द्यायला गेलो, तर म्हणाले, "तिकडून नको, दचकतो मी." मग गाडीत बसले आणि गेले.

मी वर आलो. बाई तशाच बसल्या होत्या.

"माझी सगळी पोरं पोहताना डावीकडेच मान वळवून श्वास घेतात," त्या म्हणाल्या. "मला उजवीकडून जमत नाही, मग त्यांना कुठून जमणार?"

"मग काय करता?"

"काही नाही. बुडत नाहीत कोणी." त्यांनी डोळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "पण हा मी घालणार नाही. पुन्हा कधी येऊ?"

"सोमवारी."

"सोमवारी कोण असेल?"

"मी."

"आणखी?"

"मीच."